आठ मूर्ती

आधी बूट काढा. मोबाईल, घड्याळ, चष्मा, सगळं इथेच ठेवा. चष्मा ठेवताना जीव खालीवर होईल, पण काळजी नको. पुढचे चार महिने ज्यांना भ्यायचं आहे ते डोळ्यांना क्वचितच दिसतात. तिथे कान लागतात, नाक लागतं, आणि तळपाय.

साल १८५०च्या आगेमागे कुठलंही धरा. कार्तिक संपत आलाय. तुम्ही अमरकंटकला नर्मदेच्या कुंडाजवळ उभे आहात आणि थंडीने दात वाजताहेत. खांद्यावर घोंगडी, हातात कमंडलू, काठीला घुंगरू. घुंगरू हौसेचे नाहीत, बरं का. वाटेवर ऊन खात पडलेल्या जिवाला तुम्ही येताय हे आधी कळावं म्हणून ते आहेत. इथून समुद्र १३१२ किलोमीटर. नदी उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठाने तिकडे जायचं, मुखाशी नावेतून पलीकडे उतरायचं आणि उत्तर काठाने परत यायचं. मधे कुठेही तिला ओलांडायचं नाही. रीतसर हिशोब तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. घाई कराल तर गोसावीबाबा टोमणा मारतील, “पळा, पळा, पुढच्या वळणावर अस्वल वाट बघतंय.”

बाबांची ही दुसरी परिक्रमा. त्यांच्याशिवाय वाईच्या एक काकू, त्यांचे दीर, वऱ्हाडातले दोघे भाऊ, एक निमाडी म्हातारा आणि तुम्ही. सात. पहिल्याच गावात सदावर्ताच्या दारात शेठजी शिधा मोजायला बसतो आणि विचारतो, “कितनी मूर्ती?” इथे परिक्रमेत चालणारा माणूस मूर्ती असतो, डोकी मोजायची नाहीत. बाबा म्हणतात, “आठ.” तुम्ही मागे वळून बघता. एक तांबूस, कान फाटलेला कुत्रा शेपूट हलवत उभा आहे. कुंडापासून मागे लागलाय म्हणे. काकू नाक मुरडतात, पण संध्याकाळी गोवऱ्यांवर भाजलेल्या जाड टिक्कडांतला एक त्याच्यापुढे पडतो. नाव भैरू. आता तोही परिक्रमावासी.

आता सालाच्या जंगलात शिरा. झाडं अशी सरळ आणि उंच की मान मागे टाकावी लागते. खाली ओल्या पानांचा, बुरशीचा, थंड मातीचा वास. सूर्य चांगला वर आल्याशिवाय निघायचं नाही आणि तो कलायच्या आत मुक्काम गाठायचा. पंचांग कितीही पाठ असो, मुहूर्त इथे जनावरं काढतात. आणि जनावरांची नावं घ्यायची नाहीत. काकूंना हे शिकवावं लागत नाही. वाईला रात्री सापाला त्या ‘लांबडं’च म्हणत आल्यात. इथे वाघ नुसता ‘जनावर’ होतो. तोंडाने मोठ्याने घ्यायचं नाव एकच, नर्मदे हर. बाबा दर शंभर पावलांना ते ठोकून देतात. यात भक्ती किती आणि समोरच्याला दिलेली वर्दी किती, हे मी बाबांना कधी विचारलं नसतं. तुम्हीही विचारू नका.

मंडल्याच्या अलीकडे एक बैगा आदिवासी वाट दाखवायला सोबत येतो. कमरेला एक फडकं, खांद्यावर कुऱ्हाड, अनवाणी पाय. तो चालतो तेव्हा पानही वाजत नाही. तुम्ही चालता तेव्हा अख्खं जंगल जागं होतं. वाटेत दगडांचा एक ढीग लागतो. बैगा खाली वाकून एक दगड उचलतो, ढिगावर ठेवतो आणि पुढे जातो. वऱ्हाडी भाऊ विचारतात, “काय हो हे?” बाबा म्हणतात, “ठेवा एकेक. विचारू नका.” तुम्हीही ठेवता. दगड गार असतो. या जागी कुणाला तरी जनावराने नेलेलं असतं, आणि येणाराजाणारा त्या ढिगात भर टाकतो. ढीग तुमच्या कमरेएवढा आहे.

पुढे दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच गवत. दव वाळलेलं नाही, धोतर, लुगडं, घोंगडी सगळं भिजून पायांना चिकटतंय. आणि अचानक वास येतो. तांदळाचा. नुकत्या शिजलेल्या, वाफ धरलेल्या आंबेमोहोराचा. तोंडाला पाणी सुटतं. इतके दिवस टिक्कड आणि डाळ खाऊन जीभ मेली होती, ती एकदम जागी होते. काकू थांबतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “अगं बाई, इथे कोण भात घालतंय?”

बैगा हात आडवा करतो. सगळे थिजतात. भात कुणी घातलेला नाही. शेजारच्या झुडपावर जनावराने आपल्या हद्दीची खूण फवारलीय आणि तिला असाच वास येतो. ज्या वासाने माहेर आठवावं तो वास इथे कुणाच्या तरी उंबऱ्यावर मारलेला असतो. दूर सालाच्या शेंड्यावरून एक वानर ओरडतं, खक्, खॅक्-खक्, कोरडा खोकला यावा तसं. मग खालून कुठून तरी सांबराची हाक, ढाँक, एकच, पितळी घागरीवर दगड बसल्यासारखी. भैरू तुमच्या पिंढरीला अंग घासून उभा आहे. तो थरथरतोय आणि ती थरथर तुमच्या हाडात उतरतेय. किती वेळ जातो? घड्याळ तुम्हीच घरी ठेवून आलात. वानर गप्प होतं. बैगा चालायला लागतो. दहा पावलांवर चिखलात एक ठसा आहे, तुमच्या तळहाताहून मोठा. ठशाच्या कडेने पाणी अजून आत झिरपतंय.

बस्स, एवढंच. जनावर तुम्हाला दिसलं नाही. त्याने तुम्हाला नक्की पाहिलं.

जबलपूरजवळ संगमरवरी कड्यांपाशी वेगळीच तऱ्हा. पांढरे खडक, खाली हिरवंगार पाणी, आणि बाबा तोंडावर बोट ठेवतात. नर्मदे हरसुद्धा पुटपुटायचं. चिलीम नाही, चूल नाही, धूर नाही. वर बघा. कड्यांच्या पोटाला काळी झुलती पोळी लटकलीत, आग्या मोहोळाची, आणि त्यांच्या अंगावरून मधूनच एक लाट सरकते. इथे वाघाचंही काही चालत नाही. काही वर्षांनी रेल्वेची मोजणी करणाऱ्या दोन इंग्रजांच्या मागे याच माश्या लागणार आहेत आणि त्यातला एक जीव वाचवायला पाण्यात उडी घेऊन बुडणार आहे. कॅप्टन फोर्सिथ ती हकीकत मध्य भारताच्या डोंगररानांवरच्या आपल्या पुस्तकात नोंदवेल. तुम्ही पंचा डोक्यावरून ओढून, माश्यांचा तो खर्जातला गुंजारव छातीत घेऊन, गुपचूप सटका.

मधला सपाट मुलूख भराभर उरका. काळी माती, हरभऱ्याची शेतं, रात्री कोल्हेकुई. स्नानाचं मात्र सांगायला हवं. थंडीत दुपारी मगरी वाळूवर येऊन पडतात, जबडा उघडा टाकून, ओंडक्यासारख्या. ओंडका समजून काकूंचे दीर एकदा त्यावर धोतर वाळत घालायला निघाले होते. तेव्हापासून नियम ठरला. आधी काठीने पाणी बडवायचं, मग सगळ्यांनी एकत्र उतरायचं, गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, आणि डुबकीऐवजी कमंडलूने डोक्यावर पाणी घ्यायचं. मगर म्हणजे नर्मदामैयाचं वाहन. काकू तिच्याकडे बघून हात जोडतात आणि हळद-कुंकू वीस पावलांवरून हवेत उडवतात. त्यांची श्रद्धा अफाट आहे, पण अंतराचा अंदाज त्याहून पक्का.

आणि मग फाल्गुनात राजघाट मागे पडतो आणि शूलपाणीची झाडी सुरू होते. सातपुड्याचे कडे थेट नदीत उतरलेले. गाव नाही, सदावर्त नाही. साग निष्पर्ण, खाली ताटाएवढ्या वाळक्या पानांचा खच, आणि पाऊल टाकलं की पापड मोडावेत तसा कडकडाट. ऊन डोक्यात शिरतं, दगड तळपाय भाजतात. वळणावर सागाचा एक खांब उभा आहे, शेंदराने माखलेला, त्यावर वाघ, नाग, सूर्य, चंद्र कोरलेले. हा वाघदेव. तुम्ही न सांगता वाकता.

दुसऱ्या दिवशी भिल्ल भेटतात. इथे त्यांना मामा म्हणायचं. मामा घोंगड्या घेतात, तांब्या घेतात, काठीचे घुंगरूसुद्धा सोडून घेतात. बाबा हसत हसत कमरेचं सोडून देतात, मैयाची इच्छा म्हणतात. तुम्हाला रडू येतं, येऊ द्या. पण त्यांच्याच डोंगरातून नदीकडे जाणारी त्यांचीच ती वाट आहे, आणि यंदा तिथे पोटाला काय मिळालं असेल ते झाडांकडे बघून कळतं. गंमत म्हणजे, थोडं पुढे गेल्यावर त्यांच्यातलाच दहा-बारा वर्षांचा एक पोरगा पळत येतो आणि म्हणतो, खालच्या वाटेने जाऊ नका, मोह फुललाय.

मोह फुललाय म्हणजे काय ते पहाटे कळतं. अंधार अजून सरलेला नाही. हवेत गोड, जड, आंबूस वास, गुळाच्या ढेपेला दारूचा हात लागावा तसा. टप. टप. मोहाची फुलं खाली पडताहेत. आणि त्या टपटपीखाली आणखी एक आवाज, लोहाराचा भाता चालावा तसा, फुस्स, घर्रर्र, फुस्स. पोरगा तुमचं मनगट धरून दोन बोटं वर करतो. दोन. आई आणि पाठीवर पिल्लू. अस्वलाला लांबचं धड दिसत नाही, खाताना ऐकूही येत नाही, म्हणून ते एकदम पायाखाली येतं आणि मग ते चेहरा धरतं. वाघाने सोडलेला माणूस इथे सापडतो, अस्वलाने भेट दिलेला माणूस ओळखू येत नाही, असं निमाडी म्हातारा कुजबुजतो. ही वेळ होती का हे सांगायची! पोरगा वरच्या अंगाने नेतो, वाऱ्याच्या पडत्या बाजूने, चांगला दीड तास. खाली नदीवर उजेड फुटतो. निरोप घेताना तुम्ही त्याला द्यायला काही शोधता. द्यायला काही उरलेलंच नसतं. ते त्याच्या मामांकडे आहे.

रात्री घोंगडी नाही. कड्याखालच्या एका कपारीपाशी शेकोटी पेटते, तिच्याभोवती सगळे दाटीवाटीने आडवे होतात, काकू मधे. पाळीपाळीने लाकडं घालायची. तिसरा प्रहर तुमचा. पाठ थंडीने आखडलीय, पोट आगीने भाजतंय, आणि भैरू तुमच्या पावलांवर वेटोळं करून झोपलाय. त्याच्या अंगाला राखेचा, ओल्या केसांचा वास. ते ऊबदार ओझं पायांवर घेऊन, नदीचा आवाज ऐकत, तुम्ही एक लाकूड सरकवता. मग दुसरं सरकवायचं राहून जातं.

जाग येते ती पाय गार पडल्यामुळे. आवाज झालाच असेल तर अर्धाच झालाय, कें एवढा. निखाऱ्यांवर राख चढलीय. तुम्ही हाताने पायांशी चाचपता. तिथली जमीन अजून कोमट आहे.

उजाडल्यावर राखेतून धुळीत, धुळीतून पानांत गेलेली एक ओढल्याची रेघ दिसते, शेजारी वाटोळे, नखं न उमटलेले ठसे. बिबट्या. कुणी तुम्हाला काही विचारत नाही. बाबा रेघेच्या टोकापर्यंत जातात, परत येतात, वाटेत एक दगड उचलतात आणि कपारीच्या तोंडाशी ठेवतात. काकू त्यावर दुसरा ठेवतात. मग सगळे. तुम्ही सगळ्यात शेवटी.

तीन दिवसांनी शूलपाणेश्वराच्या देवळाच्याही पुढे झाडी संपते. पहिलं घर, पहिला चुलीचा धूर, गाईच्या गळ्यातली घंटा, ताकाचा आंबट वास. ओट्यावरचा म्हातारा गुजरातीत विचारतो, “केटली मूर्ती?”

बाबा म्हणतात, “आठ.”

कुणी त्यांना सुधारत नाही. म्हातारा तुमच्या घोळक्यावरून एकदा नजर फिरवतो, मोजतो आणि आठांचा शिधा देतो. संध्याकाळी घाटावर काकू टिक्कड भाजतात. आठवा त्या थोडा बाजूला, पायरीच्या कडेला ठेवतात आणि भांडी घासायला पाण्याकडे वळतात. वडावरून एक वानर उतरतं, तुमच्याकडे बघत बघत, अजिबात घाई न करता, तो टिक्कड उचलतं आणि वर जाऊन बसतं.