ताणलेल्या दोरीचे कूळ

कपाशीची टोबणी ओळीत यावी म्हणून फुलसावंगीच्या शिवारात दोन धुऱ्यांवर खुंट्या ठोकून मधे दोरी ताणतात. दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट कोणती, याचे उत्तर त्या दोरीपाशीच आहे. ताणली की ती आडवळणाला जातच नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानाची वाटही मुळात अशाच दोरीने आखलेली असते. फक्त त्याचे शेत गोल आहे.

वर्गाच्या भिंतीवर बहुधा असतो तसल्या चौकोनी नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवून रेघ ओढा. ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिकमध्ये उतरते. त्या रेघेवरून गेले तर अंतर भरते सुमारे 14,200 किलोमीटर. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन शहरांवर शिवायचा दोरा घट्ट धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. मॉस्कोजवळून निघून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड ओलांडतो, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाला शिवून कॅनडावरून खाली येतो. हे अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. वाचले 1,700. रेल्वेने नागपूरहून मुंबईला जाऊन परत यावे, एवढे.

या वाटेचे मराठी नाव बृहद्वृत्त. टरबूज बरोबर मधोमध चिरले की सालीवर जे वर्तुळ उमटते, ते बृहद्वृत्त. पृथ्वीवरची कुठलीही दोन ठिकाणे घ्या, त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट अशाच एखाद्या वर्तुळाचा तुकडा असते.

मग शेतातली दोरी सरळ का वाटते? भास्कराचार्यांनी 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात याचे उत्तर देऊन ठेवले आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, आणि एवढ्या मोठ्या पृथ्वीपुढे माणूस अगदीच लहान.

युरोपात पेद्रू नुनीश या पोर्तुगीज गणितज्ञाने 1537 मध्ये दाखवले, की होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेले जहाज जवळच्या वाटेने जात नाही. 1569 मध्ये नकाशाकार मर्केटरने खलाशांच्या सोयीचा नकाशा काढला. त्यावर एका दिशेचा प्रवास सरळ रेघेत दिसतो, पण ध्रुवांकडचे देश फुगतात आणि खरी जवळची वाट कमानीसारखी वाकते. सोय खलाशांची झाली, चकवा मात्र पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांना बसला.

अंतर काढायच्या गणिताचे कूळ तर थेट आपल्या घरात येते. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या. आर्यभटाने 499 मध्ये अर्धज्यांची सारणी दिली. ज्या, म्हणजेच जीवा, हा शब्द अरबीत ‘जिबा’ झाला, पुढे ‘जैब’ म्हणजे वस्त्राची घडी असा वाचला गेला, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे भाषांतर ‘सायनस’ झाले. आज मुले ज्याला साइन म्हणतात तो हाच. जेम्स इनमन यांनी 1835 मध्ये नौकानयनाच्या पुस्तकात ‘हॅवरसाइन’ हे नाव आणले. हॅवरसाइन म्हणजे अर्धी उत्क्रमज्या (एक उणे कोसाइन), आणि उत्क्रमज्या ‘सूर्यसिद्धान्ता’तली. दोन विमानतळांमधले अंतर काढणारे अनेक संगणक आजही हॅवरसाइनचेच सूत्र वापरतात. धनुष्याची दोरी अशी सातासमुद्रापार जाऊन आली.

गणिताला पृथ्वीचे खरे माप लागते, आणि त्या मापाची एक साखळी आमच्याच मुलखातून गेली. माहूरच्या थोडे पूर्वेकडून 78 अंश पूर्व रेखावृत्त जाते. प्रत्येक रेखावृत्त हे अर्धे बृहद्वृत्तच. विल्यम लॅम्बटन यांनी 1802 मध्ये मद्रासला मोजणी सुरू केली आणि पुढे याच रेखावृत्ताच्या आसपास दक्षिणेकडून वर त्रिकोणांची माळ गुंफत आणली. हेतू एवढाच, की पृथ्वी किती आणि कशी वाकली आहे ते कळावे. सोबत पोलादी साखळी आणि कोन मोजणारे अर्ध्या टनाचे थिओडोलाइट. हैदराबादहून नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेले आणि त्यातून पृथ्वीच्या आकाराचे जे आकडे निघाले त्यांवर भारताचे नकाशे बेतले गेले.

बृहद्वृत्ताची ही वाट विमानाने खऱ्या अर्थाने चालून दाखवली. 1927 मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने सॅन दिएगोच्या सार्वजनिक वाचनालयात पृथ्वीगोलावर दोरा धरून न्यूयॉर्क-पॅरिस अंतर मोजले. मग त्या वाटेचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडले, दर तुकड्याला दिशा थोडी बदलत नेली आणि साडेतेहतीस तासांत तो पॅरिसला उतरला. एअर इंडिया 1960 मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचली. मुंबईहून कुठेही न थांबता न्यूयॉर्क गाठायला 1 ऑगस्ट 2007 उजाडावे लागले.

वाट जवळची असली तरी दर वेळी तीच धरता येत नाही. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून 15,000 किलोमीटरच्या पुढे गेले, पण पाठीशी वारा मिळाल्याने वेळ कमी लागला. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेकडे निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावे लागले. गणिताने दिलेली वाट वाऱ्याला आणि सरहद्दीला विचारूनच धरावी लागते.

तरी मूळ दोरी खरीच. शिक्षकांना आणि पालकांना एवढेच सांगणे आहे, की शाळेतला पृथ्वीगोल कपाटात धूळ खात ठेवू नका. तो मुलांच्या हातात द्या आणि सोबत हातभर शिवायचा दोरा द्या. नकाशा फसवतो हे एकदा स्वतःच्या बोटांनी कळले, की पृथ्वी गोल आहे हे पाठ करून घ्यावे लागत नाही.