आइन्स्टाइनचा पाइप, फिशरचा पाइप

वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आइन्स्टाइनचा एक पाइप ठेवलेला आहे. त्याच्या एका स्नेही बाईंनी तो १९७९ साली संग्रहालयाला दिला. पाइपच्या तोंडात धरायच्या टोकाला दातांनी झिजून पडलेले भोक आहे. डॉक्टरांनी तंबाखू वर्ज्य केल्यावरही आइन्स्टाइन रिकामा पाइप दातांत धरून बसत असे. १९५० साली माँट्रियलच्या पाइप ओढणाऱ्यांच्या मंडळाचे आजीव सदस्यत्व स्वीकारताना त्याने कळवले होते, की पाइपमुळे माणसाचा निवाडा काहीसा शांत आणि तटस्थ होतो.

पाइप म्हणजे आपल्या चिलमीचा विलायती भाऊ. भूमध्य सागराच्या काठी वाढणाऱ्या ब्रायर या झुडपाच्या बुंध्याला जमिनीलगत घट्ट गाठ असते. ती सहजासहजी जळत नाही, म्हणून तिच्यातून पाइप कोरतात. विझलेला पाइप पुन्हा पुन्हा पेटवत बोलणारा नील्स बोर, तंबाखू इतकी सुकवून भरणारा रदरफर्ड की त्याचा पाइप ज्वालामुखीसारखा भडके... अशा गोष्टी विज्ञानाच्या इतिहासात बऱ्याच सापडतात. आम्हालाही त्या आवडतात. पण ‘शांत निवाड्या’ची खरी परीक्षा पाहायची, तर रोनाल्ड फिशर या पाइपवाल्याकडे वळावे लागते.

फिशर म्हणजे विसाव्या शतकातील संख्याशास्त्राचा आधारस्तंभ. शेतातील वाफ्यांना खते चिठ्ठ्या टाकून वाटावीत, म्हणजे जमिनीच्या कसातील फरक निष्कर्षात घुसत नाही, हे त्याने शिकवले. आपल्या कृषी महाविद्यालयांत आजही तेच शिकवतात.

१९५० साली डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ६४९ पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे अवघे २ निघाले; तुलनेसाठी घेतलेल्या, इतर आजारांच्या ६४९ पुरुषांत २७. स्वतः डॉलने या कामाच्या ओघात सिगारेट सोडली. पुढे या दोघांनी ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या आणि कोण कशाने दगावतो याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली.

फिशरला हे पटले नाही. १९५७ पासून त्याने पत्रांतून आणि लेखांतून हल्ला चढवला. माणसांना चिठ्ठ्या टाकून सिगारेटी वाटता येत नाहीत. मग सिगारेटची ओढ आणि कर्करोग ही दोन्ही एकाच आनुवंशिक घडणीतून येत नसतील कशावरून? एकसारख्या जुळ्या भावंडांच्या सवयी अधिक जुळतात, हा त्याचा पुरावा. तंबाखू उत्पादकांच्या समितीचा तो सल्लागारही होता. मात्र त्याने पैशासाठी मत विकले, असे आम्हाला वाटत नाही. आवडत्या सवयीवर कोणी बोट ठेवलेले न खपणारा माणूस त्यात अधिक दिसतो.

आक्षेप पोकळ नव्हता. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आपणही वर्गात सांगतोच. पण बरेच जण तिथेच थांबतात, फिशरही तिथेच थांबला. १९५९ साली कॉर्नफील्ड आणि त्याच्या पाच सहकाऱ्यांनी पुढचे गणित मांडले. सिगारेट ओढणाऱ्यांना हा कर्करोग इतरांच्या नऊपट होत असेल आणि त्याचे सारे कारण एखादी लपलेली घडण असेल, तर ती घडण ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांपेक्षा निदान नऊपट आढळायला हवी. जुळ्यांच्या आकड्यांतून एवढा मोठा फरक मुळीच निघत नव्हता. शिवाय सिगारेट सोडल्यावर धोका उतरत जातो. जन्मजात घडण मात्र सिगारेट सोडल्याने बदलत नाही. वरच्या वर्गात हे गणित फळ्यावर करून पाहावे, दहा मिनिटे पुरतात.

आणि पाइप? डॉक्टरांच्या त्या पाहणीत पाइपवाल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा कमी आढळला. अजिबात न ओढणाऱ्यांपेक्षा मात्र जास्त. ओठांचा आणि तोंडाचा कर्करोग तर पाइपनेही होतो. १९६२ च्या मार्चमध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपानाविरुद्धचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जुलैमध्ये फिशर ऑस्ट्रेलियात अॅडलेड येथे वारला. त्याला आतड्याचा कर्करोग झाला होता.