मँटिस श्रिंप: घरच्या टँकमध्ये पाळायचा कसा, आणि मोबाईलवर शूट करायचा कसा?

मँटिस श्रिंपचे व्हिडिओ तुम्ही यूट्यूबवर नक्की बघितले असतील. रंगीबेरंगी प्राणी बिळातून डोकं बाहेर काढतो, समोर एक शिंपला असतो, आणि पुढच्याच क्षणी त्या शिंपल्याचे तुकडे झालेले असतात. हे बघून दोन प्रश्न पडतात. हा प्राणी घरी ठेवता येतो का? आणि माझ्या फोनच्या स्लो मोशनमध्ये तो ठोसा दिसेल का? पहिल्याचं उत्तर आहे ‘हो, पण’. दुसऱ्याचं आहे ‘नाही, पण’. या दोन्ही ‘पण’मध्येच सगळी गंमत आहे.

मँटिस श्रिंप म्हणजे नेमकं काय?

नावात श्रिंप असलं तरी ही कोळंबी नाही. कोळंबी, खेकडा, शेवंड यांचा हा लांबचा नातेवाईक. याचा गट वेगळा, स्टोमॅटोपोडा. जगात याच्या साडेचारशेच्या वर जाती आहेत. पुढचे दोन पाय प्रार्थना कीटकासारखे दुमडलेले असतात, म्हणून ‘मँटिस’.

या पायांवरून त्यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. ‘स्मॅशर’ म्हणजे ठोसा मारणारे. यांच्या पायाला हातोड्यासारखा गोळा असतो आणि ते शंख, शिंपले, खेकडे फोडून खातात. व्हिडिओंमधला प्रसिद्ध पीकॉक मँटिस श्रिंप यातलाच. ‘स्पिअरर’ म्हणजे भाल्यासारखं भोसकणारे. यांच्या पायाला टोकदार दाते असतात. ते चिखलात किंवा वाळूत बीळ करून दबा धरतात आणि जवळून जाणारा मासा किंवा कोळंबी ओढून घेतात.

हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण कॅमेऱ्याचं पुढचं सगळं गणित यावर आहे.

आपल्या किनाऱ्यावरचा मँटिस श्रिंप

भाईंदर पश्चिमेहून उत्तनचा रस्ता धरला की डोंगरीकडे, समुद्राला लागून चौक गाव आहे. धारावी किल्ल्यामुळे काहींना नाव माहीत असेल. पण उत्तन, पाली, चौक हा सगळा पट्टा मासेमारीचा. इथली पारंपरिक जाळी म्हणजे डोल: समुद्रात बांधून ठेवलेली लांब पिशवीसारखी जाळी, जी भरती-ओहोटीच्या प्रवाहावर आपोआप भरते. तिच्यात बोंबील, जवळा, मांदेली, करंदी येते. अशा माशांच्या ढिगात कधीकधी एक चपटा, करडा-हिरवट, काटेरी शेपटीचा प्राणीही सापडतो. मत्स्यशास्त्रातले लोक त्याला ‘स्किला’ म्हणतात. आपल्याकडे सर्रास आढळणारी जात अनेक वर्षं ऑरॅटोस्किला नेपा म्हणून ओळखली जायची. आता तिचं नाव मियाकेला नेपा. आपल्याकडे याला फारसा भाव नाही, बराचसा माल माशांची भुकटी बनवायला जातो. जपानमध्ये याचाच भाऊबंद ‘शाको’ नावाने सुशीत खातात!

म्हणजे ज्या प्राण्याचे व्हिडिओ आपण परदेशी चॅनेलवर बघतो, त्याचा नातेवाईक बसच्या अंतरावर आहे. तो रंगीत नाही, आणि तो स्पिअरर आहे.

फोनच्या स्लो मोशनमध्ये ठोसा का दिसत नाही?

२००४ साली शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीकॉक मँटिस श्रिंपचा ठोसा हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजून ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. कमाल वेग निघाला सेकंदाला २३ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ८३ किलोमीटर. विरार फास्टचा वेग, तोही पाण्यात, आणि काही सेंटिमीटरच्या अंतरात! पूर्ण ठोसा तीन मिलिसेकंदांच्या आत संपतो. वेग इतका असतो की पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि शिंपल्याला एकाच ठोशात दोन धक्के बसतात: एक हातोड्याचा, दुसरा बुडबुडा फुटल्याचा. दोन्हींत अंतर जेमतेम अर्धा मिलिसेकंद.

आता तुमचा फोन घ्या. २४० एफपीएस म्हणजे सेकंदाला २४० फोटो, म्हणजे दोन फोटोंमध्ये ४.२ मिलिसेकंदांचं अंतर. ठोसा तीन मिलिसेकंदांचा. पहिल्या फ्रेममध्ये पाय दुमडलेला, पुढच्या फ्रेममध्ये काम झालेलं. मधलं काहीच नाही. फोन महाग असो की स्वस्त, हा भागाकार बदलत नाही.

मग ९६० एफपीएस? सोनीने २०१७ मध्ये एक्सपिरिया एक्सझेड प्रीमियममध्ये हे आणलं, पुढच्या वर्षी सॅमसंग गॅलॅक्सी एस९ मध्ये आलं. इथे ठोशाच्या दोन-तीन फ्रेम मिळू शकतात. पण त्या फोनमध्ये खरं रेकॉर्डिंग जेमतेम ०.२ सेकंदाचं होतं, आणि आपल्या बोटाला बटण दाबायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. शिवाय बऱ्याच फोनमध्ये ९६० हा आकडा खरा नसतो. सेन्सर कमी फ्रेम घेतो आणि मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने ‘रंगवतं’. इन्स्टाग्रामसाठी ठीक आहे. पण प्राण्याच्या हालचालीचा पुरावा म्हणून ती फ्रेम खोटी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जे घडताना कॅमेऱ्याने बघितलंच नाही, ते ‘बघा कसा ठोसा मारतो’ म्हणून दाखवायचं का?

तुमचा फोन खरं बोलतो का, हे तपासायची सोपी युक्ती: टेबल फॅनच्या एका पात्याला पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवा, भरपूर उजेडात स्लो मोशन घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवा. (कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये ‘ई’ दाबलं की एक फ्रेम पुढे जाते.) पट्टी जागोजागी दुहेरी, भुतासारखी पुसट किंवा वितळल्यासारखी दिसली, तर मधल्या फ्रेम बनावट आहेत.

आता ‘पण’. स्पिअररचा मारा तुलनेने सावकाश असतो. २०१२ साली दोन स्पिअरर जातींचा अभ्यास झाला. त्यातली मोठी जात, लायसिओस्किलिना मॅक्युलाटा, सेकंदाला सरासरी २.३ मीटर वेगाने मारा करते आणि तो सुमारे २५ मिलिसेकंद चालतो. २४० एफपीएसवर त्याच्या सहा फ्रेम मिळतात! लहान जातीचा मारा मात्र सव्वातीन मिलिसेकंदांचा होता, म्हणजे तिथे फोन पुन्हा हरतो. पण मोठा, दबा धरून बसणारा स्पिअरर हा साध्या फोनच्या आवाक्यातला शिकारी आहे. रंगीत पीकॉकच्या मागे लागण्याआधी याचा विचार करा.

टँक लावताना

आधी स्पष्ट सांगतो: तुम्ही आजवर गोड्या पाण्याचाच टँक सांभाळला असेल, तर हा प्राणी पहिला खाऱ्या पाण्याचा प्राणी म्हणून घेऊ नका. सहा महिने साधा सॉल्टवॉटर टँक चालवा, मग बघू.

पाणी समुद्रातून भरून आणायचा मोह होईल, विशेषतः किनाऱ्याजवळ राहत असाल तर. नको. आपल्या खाड्यांच्या तोंडाशी पाणी गढूळ असतं, पावसाळ्यात खारटपणा कमी होतो, आणि सांडपाणी असतंच. आरओचं पाणी घ्या आणि ॲक्वेरियमचं मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम घाला (पाकिटावर दिलेलं प्रमाण बघा, घरातलं मीठ चालत नाही). रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२३ ते १.०२६ आलं पाहिजे. पाणी उडून कमी झालं की वरून फक्त गोडं आरओचं पाणी घाला, कारण मीठ उडत नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात: खारं पाणी घालत राहतात आणि टँक हळूहळू अति खारा होतो.

टँक भरल्या भरल्या प्राणी सोडायचा नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच. माशांच्या औषधांत तांबं असतं. ते या प्राण्यांना विष आहे.

तापमान २४ ते २८ अंश. एप्रिल-मेमध्ये वन रूम किचनमधल्या टँकला हे कठीण जातं. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप घरात असलाच पाहिजे, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो.

एका टँकमध्ये एकच प्राणी. सोबत मासे ठेवलेत तर ते सोबती नाहीत, जेवण आहे. स्मॅशरला दगडांची कपार किंवा पीव्हीसी पाईपचा तुकडा द्या, स्पिअररला जाड वाळू आणि तिच्यात पुरलेला पाईप. काच फुटते का? १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट यारमथच्या सी लाइफ सेंटरमध्ये ‘टायसन’ नावाच्या मँटिस श्रिंपने टँकच्या काचेला तडा दिल्याची बातमी गाजली होती. असं रोज होत नाही. पण मोठ्या स्मॅशरसाठी ॲक्रिलिकचा टँक बरा. हाताने मात्र कधीही उचलू नका, स्पिअररलासुद्धा. दाते आणि शेपटीचे काटे दोन्ही बोट कापतात.

काही दिवस तो बिळाचं तोंड बंद करून बसला आणि खाईना, तर बहुतेक कात टाकतोय. तेव्हा पाईप हलवायचा नाही, टॉर्च मारायचा नाही. नवं कवच मऊ असतं आणि तो अक्षरशः निःशस्त्र असतो.

शूटिंगचा सेटअप

अर्धं शूटिंग टँक लावतानाच होतं. पाईप उभा अर्धा चिरा आणि कापलेली बाजू पुढच्या काचेला टेकवा. बाहेरून त्या जागी काळा कागद लावून ठेवा. शूटच्या वेळी कागद काढला की बिळाच्या आतलं दिसतं.

फोन स्टँडवर, काचेला अगदी समोरासमोर. तिरका धरलात तर पाणी आणि काच मिळून चित्र ओढल्यासारखं दिसतं. काचेला फोन चिकटवून वाइड लेन्सने घेण्यापेक्षा एक-दीड फुटावरून २एक्स लेन्स वापरा. खोलीतले सगळे दिवे बंद, फोनच्या मागे काळं कापड; नाहीतर व्हिडिओत तुम्हीच दिसाल. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. टँकच्या निळ्या लाइटमध्ये ऑटो व्हाइट बॅलन्स वेड्यासारखा बदलतो, म्हणून पांढरा लाइट लावा आणि व्हाइट बॅलन्सही लॉक करा.

लाइटबद्दल दोन गोष्टी. एक, २४० एफपीएसला प्रत्येक फ्रेम जास्तीत जास्त १/२४० सेकंदाची. ३० एफपीएसच्या तुलनेत आठवा हिस्साच प्रकाश मिळतो. माराही स्पष्ट हवा असेल तर शटर १/१००० ठेवा. सेकंदाला २.३ मीटरचा पाय तेवढ्यात दोन मिलिमीटरच्या आसपासच सरकतो, म्हणजे कडा ठीक दिसतील. दोन, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना कळत नाही; स्लो मोशनमध्ये टँक लखलखताना दिसतो. डिमरवर कमी केलेला एलईडीही असाच वागतो. बॅटरीवरचा एलईडी पूर्ण ब्राइटनेसवर वापरा, वरून, आणि फक्त शूटपुरता. बाकी वेळ टँक मंद उजेडातच ठेवा. रात्री खेकडे बघायला लाल टॉर्च वापरतात तशी युक्ती इथे भरवशाची नाही. अनेक मँटिस श्रिंपना अतिनीलपासून गडद लालपर्यंत दिसतं.

मारा कधी होणार हे तुम्ही ठरवू शकत नाही, पण कुठे होणार हे ठरवू शकता. लांब काडीला कोळंबीचा तुकडा टोचून बिळाच्या तोंडासमोर धरा आणि फोकस तिथेच लॉक करा. रेकॉर्डिंग आधीच चालू ठेवा. १०८०पी २४० एफपीएसला आयफोनवर मिनिटाला सुमारे ४८० एमबी जातात, त्यामुळे स्टोरेज मोकळं करून बसा. आणि मूळ फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. कॉम्प्रेशनमध्ये नेमक्या हव्या त्या फ्रेम जातात.

स्मॅशर असेल तर दुसऱ्या फोनवर आवाजही रेकॉर्ड करा. कॅमेरा सेकंदाला २४० नोंदी घेतो, माइक ४८,०००. ठोशाचे दोन धक्के काचेच्या थरथरीत मिसळून जातात, पण ‘टक्’ नेमका कधी झाला ते वेव्हफॉर्ममध्ये लख्ख दिसतं. सुरुवातीला एक टाळी वाजवून दोन्ही फाइल जुळवून घ्या.

दिवसाला एक-दोन वेळा खाऊ घालताना शूट, बस. काचेवर टकटक करून, आरसा दाखवून पंधरा रिटेक घेणं म्हणजे प्राण्याला छळणं आहे, आणि बिथरलेला प्राणी बिळातून बाहेरच येत नाही.

कायदा आणि विकत घेताना

टँक सजवायला समुद्रातलं प्रवाळ किंवा त्याचे दगड उचलून आणू नका. रीफ बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तसेच समुद्रघोडेही. दुकानदार ‘लाइव्ह रॉक’ म्हणून काय देतोय ते विचारा. सिरॅमिकचे दगड पुरेसे आहेत. दुकानातून घेतलेला प्राणी कंटाळा आला म्हणून खाडीत सोडून देऊ नका.

टँक नकोच असेल तर?

चौकच्या किनाऱ्यावर होड्या लागतात तेव्हा जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, ते दिवस सोडून. मासळी निवडणाऱ्या मावशींना आधी विचारा, “मावशी, यातला जिवंत असेल तर दहा मिनिटं बघू का?” त्यांच्या कामात आणि उन्हात वाळत घातलेल्या बोंबलांच्या मध्ये येऊ नका. पारदर्शक डबा, तिथलंच समुद्राचं पाणी, बॅटरीचा एअर पंप, आणि उचलायला चिमटा. जाळ्यातून आलेला प्राणी थकलेला असतो, तो मारा करणार नाही. स्लो मोशन विसरा, साध्या ४के ३० एफपीएसवर त्याचे डोळे शूट करा. देठावरचे दोन डोळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. मग डबा पाण्यात तिरका करा आणि तो स्वतःहून बाहेर जाईपर्यंत थांबा.