तळटीप ४ : टिळकांचे वाचन

४. येथे लेखकाचा रोख रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे (१८६१–१९१९) आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी ते हाती पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचले आणि मत्तयातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी (अध्याय ५–७) ते खिळून राहिले. बाप्तिस्मा १८९५ चा. पुढे १९१७ मध्ये साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही जागा होती. त्यांच्या श्रद्धेचे मूळ या एकट्याने केलेल्या वाचनात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेवटच्या काळाच्या भाकितांना तर असे वाचन अधिकच हवे. ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्क १३:३२ सांगते. तरी तारखा सांगणारे निघतातच. बिरुयाचे लोक खुद्द पौलाचे बोलणे रोज शास्त्रात पडताळत (प्रेषितांची कृत्ये १७:११). सातारा-सांगलीकडच्या वाचकाने प्रकटीकरणावरचे कोणतेही प्रवचन ऐकले, तर घरी येऊन तो अध्याय मागच्या-पुढच्या अध्यायांसह स्वतः वाचावा. हे काम पाळकावर सोपवू नये.