पहिल्या पानाचा मान

पंगतींत पहिलें पान कोणाचें, यावरून महाराष्ट्रांत एके काळीं मोठे रुसवेफुगवे होत. इंटरनेटच्या महाजालांत तोच तंटा गेलीं तीस वर्षें चालू आहे. येथें यजमानाच्या जागीं शोधयंत्र असतें. कोणी एखादा शब्द विचारला, कीं असंख्य संकेतस्थळांतून कोणतें वर मांडावें व कोणतें तळाशीं, हें तें यंत्र ठरवितें. आणि जें पहिल्या पानावर नाहीं, तें बहुतेकांच्या लेखीं नसल्यासारखेंच. हा मान केवळ पैशानें मिळता, तर लहान प्रकाशक, गांवचें ग्रंथालय किंवा एकटा कारागीर यांनीं आपलें स्थळ उघडण्यांत अर्थच उरला नसता. सर्वस्वीं तसें झालें नाहीं; तें कां झालें नाहीं, हा इतिहास उद्बोधक आहे.

आरंभीं निवड माणसेंच करीत. १९९४ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरी यांग व डेव्हिड फायलो या दोन विद्यार्थ्यांनीं ‘याहू’ची विषयवार सूची सुरू केली. पुढें तींत शिरूं पाहणारांची गर्दी इतकी झाली, कीं व्यापारी स्थळाच्या नुसत्या तपासणीसाठीं २९९ डॉलर आकारले जाऊं लागले. दुसरीकडे १९९५ च्या डिसेंबरांत ‘आल्टाव्हिस्टा’ हें यंत्र आलें. तें पृष्ठावरील सगळा मजकूर वाची. परंतु क्रम लावतांना त्यांतील शब्दांवरच मुख्यतः भिस्त ठेवी. मग लबाडांनीं एकच शब्द शंभर वेळां, तोहि पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, लिहून यंत्राला फसविण्याचा उद्योग मांडला. १९९८ मध्यें ‘गोटू’ या कंपनीनें तर वरच्या जागांचा उघड लिलावच पुकारला; ज्याची बोली अधिक, त्याचें नांव वर.

नेमक्या त्याच वर्षीं स्टॅनफर्डमधील लॅरी पेज व सर्गे ब्रिन यांनीं आपली ‘पेजरँक’ पद्धति विद्वानांपुढें ठेवली. तिचें मूळ ग्रंथालयशास्त्रांत होतें. यूजीन गारफील्ड यांनीं शास्त्रीय निबंधांतील दाखल्यांची सूची करण्याची कल्पना १९५५ सालीं मांडली आणि १९६४ मध्यें ती प्रत्यक्षांत आणली. कोणत्या निबंधाचा आधार पुढें कोणकोणीं घेतला, हें तींत पाहतां येई. पेज व ब्रिन यांनीं एका स्थळानें दुसऱ्यास दिलेला दुवा हाच दाखला मानला आणि देणाऱ्याच्या योग्यतेप्रमाणें त्याचें वजन धरलें. शंभर भाटांच्या स्तुतीपेक्षां एका जाणत्याचा शब्द मोठा, ही व्यवहारांतील जुनीच समजूत येथें गणितांत उतरली.

जाहिरातींवर पोसलेलें शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, असा इशाराहि त्यांनीं त्याच निबंधांत दिला होता. पुढें २००० सालीं त्यांच्याच ‘गूगल’नें जाहिरातींची योजना काढली, हा काळाचा विनोद होय; मात्र विकत घेतलेली जागा मूळ क्रमाहून वेगळी दाखविली गेली. असा भेद स्पष्ट असावा, असें अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानें २००२ सालीं सर्व शोधयंत्रांस कळविलें.

अर्थात् दाखल्यांचाहि बाजार भरला. दुवे विकले जाऊं लागले. तेव्हां पोकळ मजकुराविरुद्ध २०११ सालीं ‘पांडा’ आणि बनावट दुव्यांविरुद्ध २०१२ सालीं ‘पेंग्विन’ या नांवांचे बदल गूगलनें केले, आणि पैसे मोजून वर चढलेलीं कित्येक स्थळें खालीं आलीं.

मराठीपुढें अडचण निराळीच होती. आरंभींचीं अनेक मराठी स्थळें खाजगी टंकांत लिहिलेलीं असत. डोळ्यांना देवनागरी दिसे; यंत्राला मात्र तीं अर्थहीन रोमन अक्षरें वाटत. त्यामुळें उत्तम लेखहि शोधांत सांपडत नसे. १९९१ च्या युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान होतेंच; त्याचा वापर वाढला, तशी ही भिंत पडली. जाहिरातीवर एक रुपयाहि न खर्चतां मराठी मजकूर यंत्राच्या दृष्टीस पडूं लागला.

लहान स्थळाचा मार्ग या इतिहासांतच दिसतो. प्रत्येक पृष्ठाला एकच विषय व त्याचें नेमकें शीर्षक असावें. लोक ज्या शब्दांनीं विचारतात, तेच शब्द त्यांत यावे. पृष्ठ हलकें व मोबाइलवर लौकर उघडणारें असावें. पृष्ठांची यादी यंत्राला कळविण्याची सोय २००५ पासून विनामूल्य आहे. दुवे विकत घेण्याऐवजीं त्याच विषयांतील जाणत्यांस आपलें काम दाखवावें. श्रीमंत स्पर्धकाशीं व्यापक शब्दावर झुंजण्यापेक्षां ‘पैठणी’ऐवजीं ‘पैठणी घरीं कशी धुवावी’ अशा लहान प्रश्नाचें पूर्ण उत्तर देणें शहाणपणाचें.

पैशाचें बळ यानें संपलें, असें नव्हे. वरच्या जाहिराती आजहि धनिकांच्याच आहेत, आणि २०२४ पासून गूगल कृत्रिम बुद्धीनें रचलेलें उत्तर कित्येकदां सर्वांच्या वर देतें. तरीहि बोली थांबतांच विकत घेतलेली जागा जाते. जाणत्यांनीं दिलेला दाखला मात्र पुष्कळ दिवस कामीं येतो. गरिबाला परवडणारें भांडवल तेंच आहे.