केवळ संवादातून व्यक्तिरेखा कशी उभी राहते?

‘तो मानी होता’ असे लेखकाने सांगण्याऐवजी पात्राच्या बोलण्यातूनच ते वाचकाला कळणे, याला संवादातून व्यक्तिचित्रण म्हणतात. नभोनाट्यात तर दुसरा मार्गच नसतो. श्रोत्याला चेहरा दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. माणूस ओळखायचा तो बोलण्यावरूनच. जळगाव-धुळे भागातील लेखनात या प्रश्नाला बोलीचीही बाजू आहे.

बोली म्हणजे स्वभाव नव्हे

१९०६ साली खानदेश जिल्ह्याची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी झाली. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेशातून आजचे धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे झाले. धुळे आणि जळगावच्या पश्चिम पट्ट्यात प्रामुख्याने अहिराणी, तर रावेर-यावल परिसरात लेवा गणबोली ऐकू येते. बोलीवरून पात्र कुठले ते समजते, पण ते कसे आहे ते समजत नाही. नाटक-चित्रपटांत अनेकदा बोली बोलणारे पात्र फक्त हशा मिळवण्यासाठी येते. अशा वेळी माणूस मागे पडतो आणि उच्चार तेवढा उरतो. घरात चार माणसे एकच बोली बोलत असतील, तर त्यांच्यातला फरक दुसऱ्या कशातून तरी दिसायला हवा.

एक प्रश्न, तीन उत्तरे

रावेरकडच्या एका गावात केळी उत्पादकाला शेजारी विचारतो, “काय भाव निघाला, नाना?” उत्तरे अशी असू शकतात :

- “तुमच्यापेक्षा कमीच, आप्पा. तुमची बाग रस्त्याला लागून.”
- “भावाचं सोडा. घड कसे भरलेत, ते पाहायला या एकदा.”
- “काल सांगितला ना? आज परत कशाला?”

पहिला तुलना करणारा, आतून थोडा खट्टू. दुसऱ्याला कष्टाचा अभिमान आहे, आणि बहुधा भाव सांगण्याजोगा मिळालेला नाही. तिसरा दुखावलेला आहे. आकडा तिघांनीही सांगितला नाही. तो कसा टाळला, यातच प्रत्येकाचा स्वभाव आहे.

स्वभाव कशातून कळतो?

- संबोधन : अहिराणीत ‘कथा जाई ऱ्हायना?’ (कुठे चाललास?) आणि ‘कथा जाई ऱ्हायनात?’ (कुठे चाललात?) यांत एका अक्षराचा फरक आहे. नेहमी दुसरे रूप वापरणारा मुलगा अचानक वडिलांना पहिल्या रूपात विचारू लागला, तर भांडण झाल्याचे वेगळे सांगावे लागत नाही.
- शब्दांची सवय : भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द सतत वापरतो. ही कादंबरी त्याच्या निवेदनाची आहे, तरी तंत्र तेच : त्याचा तिरकसपणा आणि अलिप्तपणा या सवयीतून जाणवतो. नेमाडे मूळचे यावल तालुक्यातील सांगवीचे.
- कोणाशी बोलतो : बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या लेवा गणबोलीतील गाण्यांत संसाराला, मनाला उद्देशून बोलणे येते. सोशिक, पण मिश्कील बाई त्या बोलण्यातून उभी राहते.
- काय बदलत नाही : पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त मंजुळाची भाषा पूर्ण बदलते, पण तिचा स्वाभिमान दोन्ही भाषांत ओळखू येतो.

लिहिताना होणाऱ्या चुका

पात्राने स्वतःच स्वतःचे वर्णन करणे (“मी फार हट्टी आहे”), दोघांनाही ठाऊक असलेली माहिती एकमेकांना सांगणे आणि प्रत्येक प्रश्नाला सरळ उत्तर देणे, या नेहमीच्या चुका आहेत. बोलीचे शब्द प्रत्येक वाक्यात कोंबले, तर बाहेरचा वाचक अडखळतो आणि गावच्या वाचकाला ती नक्कल वाटते. क्रियापदांची रूपे आणि संबोधने अचूक असली, तर थोडे शब्दही पुरतात.

तपासण्याची सोपी रीत

संवादातील नावे झाकून तो मोठ्याने वाचावा. कोण बोलत आहे ते तरीही कळले, तर पात्रे वेगळी झाली आहेत. कळले नाही, तर एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालून पाहावे. ते सहज बसत असेल, तर ते दोघांपैकी कोणाचेच नाही.