सूर्यप्रकाश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड : एका संशोधनाची वाटचाल

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ तेनार याने १८१८ साली हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध लावला व त्यास ‘ऑक्सिजनयुक्त पाणी’ असे नाव दिले. फ्रेंच भाषेत ते नाव आजही रूढ आहे. जलशुद्धीकरणाशी या द्रव्याचा संबंध मात्र पुष्कळ उशिरा जुळला. लोहक्षाराच्या सान्निध्यात त्याची ऑक्सिडीकारक शक्ती वाढते, हे फेंटन याने १८९४ साली दाखविले. हाबर व वाइस यांनी १९३४ साली या शक्तीचे कारण हायड्रॉक्सिल मूलक हे होय, असे प्रतिपादन केले. हे मूलक पाण्यातील सेंद्रिय मलद्रव्यांचे विघटन करते. खुद्द पेरॉक्साइडचे अखेर पाणी व ऑक्सिजन होते.

तथापि हे रसायन आज मुख्यत्वे अँथ्राक्विनोन पद्धतीने मोठ्या कारखान्यांत तयार होते. तीस हायड्रोजन वायू लागतो, आणि तीव्र द्रावणाची वाहतूक जोखमीची असते. अशुद्ध पाण्याच्या ठिकाणीच ते सूर्यप्रकाशाने निर्माण करता आले, तर या दोन्ही अडचणी टळतील.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. प्रकाशित झिंक ऑक्साइडवर पेरॉक्साइड निर्माण होते, असे बाउर व नॉयवाइलर यांनी १९२७ सालीच नोंदविले होते. प्रकाशाने उत्तेजित झालेले दोन इलेक्ट्रॉन व पाण्यातील दोन प्रोटॉन ऑक्सिजनच्या रेणूस मिळाले की पेरॉक्साइड बनते. १९८८ साली कोरमान, बानेमान व हॉफमन यांनी टिटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, इतकेच नव्हे तर वाळवंटातील वाळू यांवरही ही क्रिया अभ्यासिली. मुख्य अडचण निर्मितीची नव्हती, टिकविण्याची होती. टिटॅनियम डायऑक्साइडच्या पृष्ठभागास पेरॉक्साइड चिकटून राहते आणि त्याच प्रकाशात नष्टही होते.

म्हणून पुढील संशोधनाची दिशा पालटली. ओसाका विद्यापीठातील शिराइशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली कार्बन नायट्राइड हा धातुविरहित उत्प्रेरक वापरून ऑक्सिजनचे पेरॉक्साइडमध्ये निवडक रूपांतर साधले. २०१९ साली त्यांनीच रेसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेच्या साहाय्याने, केवळ पाणी व ऑक्सिजन यांपासून, सौर ऊर्जेचे सुमारे ०.५ टक्के रूपांतर घडविले.

सारांश, प्रकाश शोषणे हा उत्प्रेरकाचा एक गुण झाला. निर्माण झालेले द्रव्य न मोडता सोडून देणे हा दुसरा. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्याऐवजी गढूळ, क्षारयुक्त पाण्यातही हे दोन्ही गुण टिकवून धरील असा उत्प्रेरक घडविणे, हेच या क्षेत्रापुढील खरे कार्य होय.